वाडा तुमचाच, भाडं मात्र त्यांना!

निकाल लागले की आमच्यासारख्या तालुक्याच्या गावात दोन गोष्टी उगवतात. गवत आणि फ्लेक्स. यंदाच्या फ्लेक्सवर नवा शब्द आलाय, "मेमरी पॅलेस". खाली लिहिलंय, "ऋषिमुनींचं प्राचीन तंत्र, आता तुमच्या शहरात! एकदा वाचा, कायम लक्षात ठेवा. दोन दिवसांत पाल्याचा मेंदू सुपरफास्ट." ठिकाण मंगल कार्यालय, फी साडेसहा हजार, सोबत बॅग आणि सर्टिफिकेट.

मी यावर लिहिणार म्हटल्यावर दोघातिघांचे फोन आले. "कशाला कुणाच्या पोटावर पाय देताय?" अहो, पोटावर पाय मला द्यायचा नाही. पण ज्या बाईनं बचतगटातून उचल घेऊन पोराची फी भरली, तिला पण पोट आहे की नाही?

तीन गोष्टी सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे अर्धी पोस्ट वाचून कमेंट करणाऱ्यांची सोय होईल. एक, ही युक्ती खरी आहे. दोन, ती दोन हजार वर्षांहून जुनी आहे, कुणाच्या मालकीची नाही आणि एका दुपारी शिकता येते. तीन, तिच्यानं याद्या पाठ होतात, पोरगं हुशार होत नाही. तिसरी गोष्ट लपवून पहिली विकायची, याला मी फसवणूक म्हणतो.

स्टेजवर काय होतं ते आधी बघा. मी पास घेऊन मागच्या खुर्चीत बसून बघितलंय. सर येतात, कोट-टाय. लोकांकडून तीस शब्द मागतात. बादली, हत्ती, सोसायटी, पेट्रोल, मामा, जे सुचेल ते. एक मुलगी फळ्यावर लिहिते, सर फळ्याकडे पाठ करून उभे. मग सर तीसच्या तीस शब्द म्हणून दाखवतात. मग उलटे. मग कुणीतरी विचारतं, "सतरावा?" सर म्हणतात, "पेट्रोल!" टाळ्या. मग सर डोळे पुसत सांगतात की शाळेत मीही ढ होतो. तिकडे टाळ्या चालू असतानाच दाराजवळच्या टेबलावर पावतीपुस्तक उघडलेलं असतं.

माझ्या शेजारी बसलेल्या ताईंनी विचारलं, "भाऊ, यानं पोराचं डोकं उघडंल का हो?" मी म्हटलं, "ताई, डोकं उघडंच आहे त्याचं. सर कसं करतात ते मी घरी येऊन फुकट दाखवतो." त्यांना ते पटलं नाही. फुकटची गोष्ट खरी असेल असं आपल्याला वाटतच नाही, आणि या धंद्याचं भांडवल तेच आहे.

तर आता फुकट सांगतो.

आधी ते "ऋषिमुनींचं तंत्र" निकालात काढू. आपल्याकडं पाठांतराची परंपरा फार मोठी आहे, पण ती वेगळी आहे. वेदपाठी लोक पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ अशा रीतीनं तेच शब्द पुढून-मागून गुंफून म्हणत, त्यामुळं एक अक्षर इकडचं तिकडं झालं तरी पकडलं जाई. तो सगळा कानाचा आणि जिभेचा खेळ. (ती विद्या शिकायची मुभा कुणाला होती आणि कुणाला नव्हती, हेही लक्षात असू द्या.) मेमरी पॅलेस हा डोळ्यांचा आणि पायांचा खेळ आहे आणि तो ग्रीकांकडून, रोमनांकडून आलाय.

गोष्ट अशी सांगतात. सिमोनिडीस नावाचा ग्रीक कवी एका धनिकाच्या मेजवानीत गेला आणि त्यानं यजमानाच्या स्तुतीचं गाणं म्हटलं. गाण्यात कॅस्टर आणि पोलक्स या जुळ्या देवांचीही स्तुती होती. यजमान म्हणाला, ठरल्यातले अर्धेच पैसे मिळतील, उरलेले त्या देवांकडून घे. थोड्या वेळानं निरोप आला की बाहेर दोन तरुण बोलावतायत. कवी बाहेर गेला तर कुणी नव्हतं. तेवढ्यात मागं छत कोसळलं आणि आतले सगळे चिरडून मेले. प्रेतं ओळखू येईनात. तेव्हा सिमोनिडीसला आठवलं, कोण कुठल्या जागेवर बसलं होतं. त्या जागांवरून त्यानं प्रत्येक प्रेत ओळखून नातेवाइकांच्या ताब्यात दिलं. ही गोष्ट सिसेरो या रोमन वक्त्यानं इ. स. पू. ५५ च्या ग्रंथात लिहून ठेवलीय. देव वगैरे सोडून द्या. त्यातला मुद्दा पक्का आहे. माणसाला नाव, आकडा, यादी पटकन विसरायला होते. जागा मात्र लक्षात राहते. दहा वर्षांनी आजोळी जा, अंधारात मोरी बरोबर सापडते.

मग करायचं काय? पाठ असलेली जागा घ्यायची, तिच्यात ठरलेल्या क्रमानं फिरायचं आणि प्रत्येक ठिकाणी लक्षात ठेवायच्या गोष्टीचं एक चित्र ठेवायचं. चित्र विचित्र पाहिजे, हसू येईल किंवा किळस येईल असं. साधं चित्र विरून जातं.

चला, आत्ता इथंच करू. सर बादली-हत्ती पाठ करून घेतात, आपण कामाची गोष्ट घेऊ. भारताच्या संविधानातले सहा मूलभूत हक्क. आपलं गावाकडचं घर डोळ्यांसमोर आणा. फ्लॅटमध्ये राहत असाल तर लिफ्ट, चपलांचा स्टँड, सोफा, बेसिन, गॅस आणि बाल्कनी घ्या, काही बिघडत नाही.

फाटक. फाटकात कलेक्टर साहेब आणि घंटागाडीवाला एकाच वेळी शिरायला गेलेत आणि दोघं खांद्याला खांदा लावून अडकलेत. कुणालाच आधी जाता येईना. समतेचा हक्क, अनुच्छेद १४ ते १८.

ओसरी. झोपाळ्यावर पिंजरा मोडून आलेला पोपट माइक हातात धरून तासभर भाषण ठोकतोय आणि थांबायला तयार नाही. स्वातंत्र्याचा हक्क, १९ ते २२.

मोरी. छपरापर्यंत खरकट्या कपबशांचा ढीग, त्याखाली साखळीनं बांधलेलं आठ वर्षांचं पोर. साखळी तुमच्याच हातात आहे. (हे चित्र टोचलं पाहिजे.) शोषणाविरुद्धचा हक्क, २३ आणि २४.

देवघर. समईच्या शेजारी मेणबत्ती, तिच्या शेजारी लोबान, बुद्धाची मूर्ती, आणि एक नास्तिक काका मधोमध पेपर वाचत बसलेत. कुणी कुणाला उठवत नाहीये. धर्मस्वातंत्र्याचा हक्क, २५ ते २८.

स्वयंपाकघर. तव्यावर भाकरीऐवजी पाटी भाजतेय, तिच्यावरची अक्षरं फुगून टम्म झालीत. आज्जी ती उलथतेय आणि आपल्या बोलीत गाणं म्हणतेय. सांस्कृतिक आणि शैक्षणिक हक्क, २९ आणि ३०.

परसदारची विहीर. रहाटाला घंटा बांधलीय. कुणीही ओढा, बादलीत बसून काळ्या कोटातले न्यायाधीश वर येतात. घटनात्मक उपाययोजनेचा हक्क, अनुच्छेद ३२.

आता डोळे मिटा आणि फाटकापासून विहिरीपर्यंत चालत जा. मग विहिरीकडून उलटे फाटकापर्यंत या. झालं? उद्या सकाळी एकदा, आठवड्यानं एकदा पुन्हा फेरी मारा. तुमचे साडेसहा हजार वाचले, कृपया ते पोराच्या पुस्तकांवर खर्च करा.

कुणी म्हणेल, बरं, मग सरांच्या डोक्यात काही वेगळं असेलच की. नसतं. लंडनमधल्या संशोधकांनी जागतिक स्मरण स्पर्धांमधल्या दहा दिग्गजांचा अभ्यास केला, २००३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यांच्या मेंदूची रचना तुमच्या-आमच्यापेक्षा वेगळी निघाली नाही, अचाट बुद्धिमत्ताही सापडली नाही. दहापैकी नऊजण ही जागांचीच युक्ती वापरत होते, आणि पाठ करताना रस्ता शोधायला लागणारे मेंदूचे भाग कामाला लागत होते. नंतर २०१७ मध्ये 'न्यूरॉन' या नियतकालिकात दुसरा अभ्यास आला. साध्या माणसांना रोज अर्धा तास, सहा आठवडे ही युक्ती शिकवली. ७२ शब्दांच्या यादीतले आधी तीसच्या आत आठवत होते, नंतर साठीच्या पुढं गेले. चार महिन्यांनीही बराचसा फायदा टिकून होता.

आमच्याच धंद्यातला एक माणूस सांगतो. जोशुआ फोअर, अमेरिकन पत्रकार. २००५ मध्ये तिथल्या राष्ट्रीय स्मरण स्पर्धेची बातमी करायला गेला. स्पर्धक म्हणाले, आम्ही काही विशेष नाही, कुणालाही जमेल. यानं वर्षभर सराव केला आणि २००६ मध्ये तीच स्पर्धा जिंकला. पुढं त्यावर पुस्तक लिहिलं आणि त्यातच प्रामाणिकपणे सांगितलं की एवढं सगळं झाल्यावर एका रात्री मित्रांबरोबर जेवायला गेला, मेट्रोनं घरी आला, आणि मग आठवलं की जाताना गाडी घेऊन गेलो होतो!

आता नीट लक्ष द्या, सर जे सांगत नाहीत ते इथं आहे. "स्मरणशक्ती" नावाची एकच टाकी नसते की एकदा मोठी करून घेतली की सगळंच जास्त मावेल. ज्या यादीसाठी तुम्ही चित्रं मांडलीत ती यादी राहते. बाकीचं आयुष्य होतं तसंच. म्हणून "मेंदू सुपरफास्ट" हे वाक्य खोटं आहे आणि "एकदा वाचा, कायम लक्षात" हे त्याहून खोटं. वाड्यात पुन्हापुन्हा फेरी मारली नाही तर चित्रं पुसट होतात. मग सहा महिन्यांनी पोरगं विसरलं की आई-बाप कुणाला धरतात? सर पुढच्या तालुक्यात गेलेले असतात. धरलं जातं पोराला. "एवढे पैसे घातले, तरी तुला जमत नाही?" माझा खरा राग इथं आहे. पैसे गेले ते गेले. पण तेरा-चौदा वर्षांच्या पोराच्या डोक्यात "माझ्यातच खोट आहे" हे कायमचं बसतं, आणि तेवढं एक विसरायची युक्ती कुठल्याच सरांकडं नाही.

याहून मोठी गोष्ट समजेची. रशियात सॉलोमन शेरेशेव्स्की नावाचा माणूस होता. तोही वर्तमानपत्राचा बातमीदार. संपादकानं सकाळी कामं वाटली की सगळे लिहून घ्यायचे, हा नुसता बसायचा. संपादक चिडले, तर यानं सगळं शब्दशः म्हणून दाखवलं. त्याला मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांच्याकडं पाठवलं. लुरियांनी त्याचा अनेक वर्षं अभ्यास केला आणि १९६८ मध्ये पुस्तक लिहिलं. हा माणूस मॉस्कोच्या रस्त्यावर मनातल्या मनात चालत जायचा आणि शब्दांची चित्रं दारांत, खिडक्यांत ठेवायचा. एकदा 'अंडं' शब्द विसरला. का, तर अंडं पांढऱ्या भिंतीसमोर ठेवलं होतं, दिसलंच नाही!

याच माणसाला एकदा आकड्यांच्या ओळी दिल्या. पहिली १ २ ३ ४, दुसरी २ ३ ४ ५, तिसरी ३ ४ ५ ६, अशा. आपलं चौथीतलं पोरगं म्हणेल, सोपं आहे की, प्रत्येक ओळ एकानं पुढं सरकते. यानं मात्र एकेक आकडा चित्र करून पाठ केला. सगळं बिनचूक म्हटलं, आणि आकड्यांत काही क्रम आहे हे त्याच्या लक्षातच आलं नाही. पाठांतर शंभर टक्के, समज शून्य. आपल्याला पोरांचं हेच करायचंय का?

परत आपल्या वाड्यात या. ओसरीवरचा पोपट तुम्हाला "१९ ते २२" एवढं सांगेल. पण रात्री अकराला शेजारच्या पोराला उचलून नेलं, तर काय करायचं ते पोपट सांगणार नाही. त्यासाठी अनुच्छेद २२ वाचून समजून घ्यावा लागतो. अटकेचं कारण सांगावं लागतं, वकील गाठू द्यावा लागतो, आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर उभं करावं लागतं. त्यालाही अपवाद आहेत, प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेचा कायदा आहे. किंवा हे हक्क सहाच का? आधी सात होते. संपत्तीचा हक्क १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनं यादीतून काढला. का काढला, कुणाला फायदा झाला, कुणाचा तोटा, हे कुठल्या खोलीत ठेवणार? ही चित्रं नाहीत, हा विचार आहे. विचाराला वाड्यात जागा नसते, तो करावा लागतो.

हे मी पहिल्यांदा सांगतोय असं नाही. क्विंटिलियन नावाचा रोमन शिक्षक इसवी सनाच्या पहिल्या शतकात हेच म्हणून गेला. वस्तूंच्या यादीला ही युक्ती ठीक, पण सलग भाषणातल्या प्रत्येक शब्दाला चित्र जोडायचं म्हणजे दुप्पट ओझं. त्यापेक्षा मजकुराचे तुकडे करा, समजून घ्या, पुन्हापुन्हा म्हणा, हा त्याचा सल्ला. शिक्षक होता ना, वर्गात काय होतं ते त्याला माहीत होतं.

आणि क्लासवाल्यांची परंपरा बघायची असेल तर तीही आहे. मातेओ रिची हा इटालियन जेझुइट पाद्री १५७८ मध्ये गोव्यात उतरला, काही वर्षं भारतात राहून चीनला गेला. तिथं जियांगशी प्रांताच्या गव्हर्नरची मुलं सरकारी परीक्षांची तयारी करत होती. म्हणजे तिकडची एमपीएससीच म्हणा. रिचीनं १५९६ मध्ये गव्हर्नरसाठी चिनी भाषेत स्मरणकलेचं छोटं पुस्तक लिहिलं. हेतू सरळ होता, सत्तेच्या दरबारात आपलं वजन वाढवायचं आणि जमलं तर आपला धर्म पुढं न्यायचा. गव्हर्नरच्या थोरल्या मुलानं ते वाचलं आणि जे म्हणाला त्याचा अर्थ असा, की नियम खरे आहेत, पण ते वापरायलाच मुळात जबर स्मरणशक्ती लागते! चारशे वर्षांपूर्वीच्या त्या पोराला जे कळलं ते आमच्या मंगल कार्यालयात कळत नाही.

हे झालं खऱ्या युक्तीचं. तिच्या शेजारच्या टेबलावर जे विकलं जातं ते तर सरळ थोतांड आहे. "मिडब्रेन ॲक्टिव्हेशन". डोळ्यांवर पट्टी बांधून पोरं रंग ओळखतात, पुस्तक वाचतात. अहो, मध्यमेंदू जन्मापासून चालूच असतो, डोळ्यांची हालचाल आणि ऐकू येणं त्याच्यातून जातं. तो बंद असता तर पोरगं हॉलपर्यंत आलंच नसतं. नाकाच्या कडेनं फट राहते, त्यातून खाली बघतात. पट्टीऐवजी पुस्तक कपाळाच्या वर धरा किंवा पाठीमागं धरा, शक्ती लगेच जाते. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते हे वर्षानुवर्षं सांगतायत. यातला सगळ्यात वाईट भाग म्हणजे आठ-नऊ वर्षांच्या पोरांना आई-बापासमोर खोटं बोलायला शिकवलं जातं, आणि त्याबद्दल टाळ्या मिळतात.

आता तुम्ही म्हणाल, लोक एवढे खुळे आहेत का? नाहीत. गिऱ्हाईक दुकानात जातं, कारण घरात त्या मालाची गरज आहे. गरज कुणी तयार केली? आपल्या परीक्षांनी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये लिहिलंय की घोकंपट्टी नको, संकल्पना समजू द्या. कागदावर छान आहे. पण पेपरात "खालीलपैकी कोणते" आणि "रिकाम्या जागा भरा" यांवरच भविष्य ठरत असेल, तर आई-बाप संकल्पना विकत घेणार की यादी? स्पर्धा परीक्षांचंच बघा. एमपीएससीनं राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक करायचं ठरवलं, तेव्हा २०२३ च्या सुरुवातीला पुण्यात मुलं रस्त्यावर बसली आणि नवी पद्धत २०२५ पासून लागू करायचं ठरलं. त्या मुलांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही. चार-चार वर्षं गोळे रंगवायची तयारी करून घेतली आणि अचानक "आता लिहा" म्हटलं, तर पोटात गोळा येणारच. पण त्या प्रसंगानं दाखवून दिलं की आपण पिढीच्या पिढी कशासाठी तयार करतोय.

थांबा, एवढ्यावर टाळ्या वाजवणाऱ्या पुरोगामी मित्रांशीही मला भांडायचंय. "पाठांतर म्हणजे पोपटपंची, सगळं गूगलवर आहे, लक्षात कशाला ठेवायचं?" असं म्हणणारे तुम्ही. तुमची पोरं इंग्रजी शाळेत प्रोजेक्ट करतात, त्यांचं चालतंय. पण आमच्या आजोबांच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी तोंडपाठ होती. चौथी नापास माणूस आडत्याच्या काट्यावर उभा राहून मनातल्या मनात हिशेब करायचा आणि आडत्याला म्हणायचा, "शेठ, चार रुपये कमी धरलेत." ते पाठांतर त्याचं हत्यार होतं. जात्यावर दळणाऱ्या बायांकडं वही नव्हती. गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या कुठं साठवलेल्या होत्या? बायांच्या डोक्यात. सासरचा जाच, माहेरची वाट, बाबासाहेबांचं कौतुक, सगळं त्यात होतं. गरिबाकडं कागद टिकत नाही, पुरात जातो, वाळवी खाते, साहेब हरवतो. त्याच्या लक्षात असतं तेवढंच त्याचं.

फोनवर सगळं आहे म्हणता, मग ग्रामसभेत बघा. ग्रामसेवक आकडे फेकतो तेव्हा फोन काढून शोधेपर्यंत ठराव मंजूर होतो. ज्याला गेल्या वर्षीचा आकडा तोंडपाठ आहे तोच उभा राहून म्हणू शकतो, "थांबा, मागच्या वेळी तुम्ही वेगळं सांगितलं होतं." माहिती अधिकारात ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत, हे ज्याच्या तोंडावर आहे त्याला कारकून "पुढच्या महिन्यात या" म्हणताना दोनदा विचार करतो. म्हणून मला स्मरण हवंय. समजेला सोबत म्हणून हवंय, समजेची जागा घेणारं नकोय.

मग करायचं काय?

आई-बापांनी पैसे भरण्याआधी सरांना तीन प्रश्न विचारावेत. हे शिकून माझ्या पोराला न पाहिलेलं गणित सुटेल का? सहा महिन्यांनी तुम्ही येऊन चाचणी घेणार का? आणि नाही जमलं तर पैसे परत, हे लेटरहेडवर लिहून देणार का? उत्तर काय येतं ते मला कमेंटमध्ये कळवा.

घरी मुलांना दोन सवयी लावा, दोन्ही फुकट. वाचून झालं की पुस्तक मिटून काय आठवतं ते लिहायचं. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी हे तपासलं. एका गटानं उतारा फक्त पुन्हापुन्हा वाचला, दुसऱ्यानं एकदाच बसून वाचला आणि मग तीनदा न बघता आठवून लिहिला. आठवड्यानंतर पहिल्या गटाला सुमारे ४० टक्के आठवलं, दुसऱ्याला ६१ टक्के. गंमत म्हणजे पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा नुसतं वाचणारेच पुढं होते. स्टेजवरचे प्रयोग पाच मिनिटांचे का असतात, आलं लक्षात? दुसरी सवय, एकाच रात्री चार तास घोकण्यापेक्षा चार दिवस एकेक तास.

जिल्हा परिषदेच्या आणि इतर शाळांच्या गुरुजी-बाईंना हात जोडून विनंती. वर्षातला एक तास द्या. पोरांना शाळेच्याच आवारात फिरवा. ध्वजाचा खांब, हातपंप, चिंचेचं झाड, खिचडीची खोली, ऑफिस, घंटा. प्रत्येक ठिकाणी त्यांनाच एकेक चित्र सुचवू द्या. पोरं जी चित्रं काढतील ती सरांच्या बापाला सुचणार नाहीत. आणि लगेच पुढच्या तासाला विचारा, "हे असं का?" यादी वाड्यात, विचार वर्गात.

आणि आमच्या व्यवसायबंधूंना एवढंच. पानभर जाहिरात मिळाली की दुसऱ्या दिवशी "कार्यशाळेस उदंड प्रतिसाद" ही बातमी छापायची, हा धंदा बंद करा. प्रतिसाद उदंड होता हे खरं. पण सहा महिन्यांनी त्यातल्या दहा घरी जाऊन विचारायचं काम आपलं होतं, आणि ते अजून कुणी केलेलं नाही. मी सुरुवात करतोय. ज्यांनी फी भरली त्यांनी इनबॉक्समध्ये सांगा, नाव येणार नाही.

पोस्ट लांबली, पण साडेसहा हजारांचा माल दिलाय, तक्रार करू नका. शेअर करा, कॉपी करा, शाळेच्या ग्रुपवर टाका. माझं नाव काढलं तरी चालेल. युक्ती माझी नाही, सिमोनिडीसची आहे, आणि तो काही उरलेले अर्धे पैसे मागायला येत नाही.